सर्वात वेगवान कुत्रा कोणता? धुळ्याजवळच्या शेतावर ग्रेहाउंड पाळावा का?

वेगाचं विचाराल तर ग्रेहाउंडच. पूर्ण जोरात तो ताशी ७० किलोमीटरच्या आसपास जातो, पण तो जोर थोड्या अंतरापुरता. लांब पल्ल्याला सालुकी हा अरबस्तानाकडचा शिकारी कुत्रा जास्त टिकतो. शेतावर मात्र मी ग्रेहाउंड नाही, कारवानी घ्या म्हणेन. मुधोळ म्हणतात तो हाच किंवा याचा सख्खा भाऊ. दख्खनच्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली ही जात आहे. आमच्या चोपड्याकडच्या मळ्यात सात वर्षांपासून एक आहे.

गहू निघाल्यावर मोकळ्या वावरात तो पळत असताना मी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं होतं. एका ढांगेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना, आणि एकदा मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे येऊन पोटाखाली गोळा झालेले असताना. सारंगखेड्याच्या यात्रेतला उमदा घोडासुद्धा चौखूर उधळला तरी ढांगेत एकदाच हवेत असतो. कुत्र्याचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, त्यामुळे ढांग लांबते. आमचा सालदार ते पाहून म्हणाला, "हाई कुत्रं नई भाऊ, हरीन शे!"

बाकीची ठेवणही धावण्यासाठीच. छाती खोल, म्हणजे फुप्फुसांना आणि मोठ्या हृदयाला जागा. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतात, त्यामुळे स्नायूंना प्राणवायू भरपूर मिळतो. लांब शेपटी वळताना तोल सांभाळते. कंबर इतकी बारीक की पाहुणे विचारतात, "याला खायला घालत नाही का?" मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं या जातीत चांगलंच. लोकांचं ऐकून त्याला जाड करू नका, सांधे जातील.

आता खरी काळजीची गोष्ट, ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. आणि जोरात पळाला की स्नायूंची उष्णता झपाट्याने चढते. एका एप्रिलमध्ये सकाळी दहाला मी त्याला मोकळं सोडलं आणि तो रोहीमागे, म्हणजे नीलगायीमागे, लागला. परत आला तेव्हा हिरड्या लालभडक, मागचे पाय लटपटत होते. ट्यूबवेलचं पाणी पोटावर, जांघेत ओतत राहिलो, मग डॉक्टरांनी सलाईन लावलं. वाचला. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून फेब्रुवारी संपला की आम्ही उजाडायच्या आतच त्याला पळवतो, दिवसा तो कडुलिंबाखाली बांधलेला असतो.

जमीनही बघा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि कपाशी काढल्यावर खुंट राहतात. भरधाव कुत्र्याचा पाय तिथे अडकला तर हाड मोडतं. पळवायचं वावर आधी स्वतः चालून पाहा. सशामागे सोडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकारच धरली जाते.

कधी ऑपरेशनची वेळ आली तर जात कोणती ते डॉक्टरांना आधीच सांगा, भुलीची काही औषधं ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांच्या अंगातून फार हळू उतरतात. आणि पिल्लू दिवाळीच्या सुमारास आणा, म्हणजे पहिल्या उन्हाळ्यापर्यंत ते जरा मोठं झालेलं असेल.