वाचकांचे प्रश्न : बजेट वाढलं म्हणतात, मग पैसे नाहीत असं का सांगतात?

प्रश्न : सर, आमचं अंबड एमआयडीसीत छोटं मशीनिंगचं युनिट आहे, ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यातल्या विमानांचे काही पार्ट मोठ्या व्हेंडरमार्फत आमच्याकडे येतात. दर फेब्रुवारीला बातमी असते की संरक्षणाचं बजेट वाढलं, आणि ऑर्डर विचारली की फंड नाही म्हणतात. खरं काय? आणि पैसा कमीच असेल तर आधी काय घ्यावं, विमानं, ड्रोन की माणसं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 2025-26 चं संरक्षण बजेट 6.81 लाख कोटींचं, आकडा दरवर्षी वाढतोच, पण जीडीपीच्या मानाने बघितलं तर ते 2 टक्क्यांच्या खाली आलंय. त्यातले 1.60 लाख कोटी पेन्शनचे, त्याला हात लावायचा नाही, जवानांच्या हक्काचे पैसे आहेत ते. भांडवली खर्चाला, म्हणजे शस्त्रं-विमानांच्या खरेदीला, 1.80 लाख कोटी, पण तेही मोकळे नसतात कारण जुन्या करारांचे हप्ते त्यातूनच जातात. 2018 मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदेच्या समितीला सांगितलं होतं की आधुनिकीकरणाला मिळाले 21,338 कोटी आणि चालू असलेल्या 125 योजनांचे द्यायचेच होते 29,033 कोटी. मग नवीन कुठून घेणार?

आता पगार, पेन्शन, हप्ते थांबवता येत नाहीत, म्हणून कात्री लागते ती दारूगोळा, स्पेअर आणि सरावावर, कारण तिथे कापलं तर त्या वर्षी कुणाला दिसत नाही. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या 2017 च्या अहवालात होतं की सप्टेंबर 2016 ला 152 पैकी 61 प्रकारचा दारूगोळा 10 दिवसही पुरला नसता. आपल्या देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, तिथे शिकणाऱ्या पोराने पुरेसे गोळे डागलेच नाहीत तर कितीही भारी तोफ घेऊन द्या, काय उपयोग?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आधी जे आहे ते चालू स्थितीत ठेवा. दारूगोळा, स्पेअर, ओव्हरहॉल (म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्ती) यांचा पैसा बाजूला काढा, तो दुसरीकडे वळवायचा नाही, मग ड्रोन आणि ड्रोन पाडणारी यंत्रणा, आणि मगच मोठी खरेदी. विमानं नकोत असं मी म्हणत नाही हां, हवाई दलाला लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, मंजूर आहेत आणि 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 निवृत्त झाल्यावर उरल्या 29, ही काळजीचीच गोष्ट आहे. 1962 च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, नाशिकनेच त्यांना 1963 मध्ये बिनविरोध लोकसभेत पाठवलं, तेव्हाच्या पाच वर्षांच्या योजनेत 45 स्क्वाड्रनचं लक्ष्य होतं! पण ऑक्टोबर 2025 मध्ये ओझरला तेजस लढाऊ विमानाची उत्पादन लाइन सुरू झाली तरी इंजिनं अमेरिकेहून येतात आणि ती उशिरा येतायत, म्हणजे नुसता पैसा ओतून विमान लवकर मिळत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नव्या विमानांच्या ऑर्डरवरच सगळा भरवसा ठेवू नका. ओझरला बनलेली सुखोई लढाऊ विमानं अजून कित्येक वर्षं उडणार आहेत, त्यांचं ओव्हरहॉल तिथेच होतं, एचएएलमध्येही आणि हवाई दलाच्या बेस रिपेअर डेपोतही. तुमच्या व्हेंडरला विचारा की ओव्हरहॉलचे कोणते पार्ट अजून बाहेरून मागवावे लागतात, आणि त्यातला एखादा तुमच्या मशीनवर बसतोय का बघा.