चढाच्या आधी, वळणाच्या आधी

प्रिय बाळा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. घळईतल्या सायकलप्रवासाच्या तयारीची चार पानं, त्यांतली अडीच सायकलची फ्रेम स्टीलची घ्यावी की कार्बनची यावर खर्ची पडली आहेत. घळईतल्या रस्त्यावर ऊन किती वाजता जातं, याबद्दल मात्र एक ओळही नाही. सहा दिवस, रोज नव्वद किलोमीटर, रोजचा अठराशे मीटर चढ, अठरा किलो सामान, आणि सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढच्या, पेडलजवळच्या चक्राला ३४ दात आणि मागच्या चाकावरच्या चक्राला ३२. वर प्रश्न असा की दीड किलोने हलकी सायकल घेतली तर जमेल का. अगं, गोंधळ सायकलीत नाही. नंतर बघू म्हणून तू ज्या गोष्टी बाजूला ठेवल्या आहेस, त्यांत आहे.

मोकळ्या डोंगरात नंतर बघून चालतं. थांबायला जागा असते, मागे फिरता येतं, एखादी आडवाट सापडते. घळईत एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी. मध्ये रस्त्याची एक पट्टी, तीही पुढच्या पुलापर्यंत. म्हणून तिथे प्रत्येक गोष्ट आधी करायची. हा शब्द मी या पत्रात इतक्या वेळा लिहिणार आहे की तू वैतागशील. वैताग.

गिअरपासून सुरू करतो. तू, सायकल आणि सामान मिळून साधारण ९७ किलो धरू. आठ टक्के चढावर ३४/३२ मध्ये पेडलच्या एका फेरीला सायकल सुमारे २.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्यास तर वेग ताशी सव्वाआठ किलोमीटर, आणि त्याला जवळपास १९० वॅट लागतात. तुझ्यासारखी सवयीची सायकलस्वारसुद्धा एवढी ताकद तास-दोन तास लावेल, सहा दिवस लावणार नाही. आता पुढे २६ आणि मागे ३६ दात लाव. एका फेरीला १.६ मीटरच्या आसपास, वेग पावणेसहा, ताकद १३० वॅट. दीड किलोने हलकी सायकल याच चढावर तुझे जेमतेम तीन वॅट वाचवेल. तीन आणि साठ. ज्या खर्चावर तू तीन आठवडे झोप घालवलीस, त्याचा हिशेब एवढाच आहे.

मागचं चक्र मोठं करण्याआधी डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, दोन मर्यादा बघ. एक, तो जास्तीत जास्त किती दातांचं चक्र पेलतो. दुसरी, त्याची एकूण क्षमता. पुढच्या मोठ्या-लहान चेनरिंगांतला (पेडलजवळच्या चक्रांतला) दातांचा फरक आणि मागच्या मोठ्या-लहान चक्रांतला फरक यांची बेरीज त्या क्षमतेत बसली पाहिजे. पुढे ४८-३६-२६ आणि मागे ११-३६ असेल तर २२ अधिक २५, म्हणजे ४७. लहान पिंजऱ्याचा, म्हणजे चेन ताणून धरणारा लोंबता भाग आखूड असलेला डिरेलर इथे हात टेकतो. शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची कळ, एका टप्प्याला केबल जेवढी ओढते त्याचंही डिरेलरशी जुळावं लागतं. रस्त्याच्या सायकलचा शिफ्टर माउंटन बाइकच्या डिरेलरशी जुळेलच असं नाही. नवी चेन कापण्याआधी ती मोठ्या-मोठ्या जोडीवर, म्हणजे पुढची मोठी रिंग आणि मागचं मोठं चक्र यांवर, चढवून बघ. तिथे तुटेल एवढी ताणली गेली, तर एखाद्या दमलेल्या संध्याकाळी चुकून त्या जोडीवर जाशील आणि डिरेलर मोडून हातात येईल.

हलका गिअर असून भागत नाही, तो चढाच्या आधी टाकावा लागतो. पेडलवर पूर्ण जोर असताना पुढची चेन मोठ्या रिंगवरून लहान रिंगवर नीट उतरत नाही. फरफटते आणि आत पडून रिंग व फ्रेमच्या मधल्या फटीत अडकते. सायकल जागच्या जागी थांबते, अठरा किलो सामान तिला कड्याकडे नाहीतर नदीकडे कलतं करतं, आणि पाय सोडवायला अर्धा सेकंदही मिळत नाही. चढ दिसला की सपाटीवरच पुढची रिंग बदल, पाय रिकामे फिरू लागू नयेत म्हणून लगेच मागे दोन चक्रं जड कर, मग चढ वाढेल तशी एकेक सोडत जा. मोठा गिअर रेटण्यात मर्दुमकी आहे असं मीही फार वर्षं मानलं. माझे गुडघे त्याची किंमत अजून देतात, म्हणून या मुद्द्यावर मी कुणाचं ऐकत नाही.

हे शहाणपण नवंही नाही. फ्रान्समधल्या पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ या माणसाने (१८५३–१९३०) डोंगरातल्या सायकलप्रवासासाठी अनेक गिअरांचा आयुष्यभर आग्रह धरला. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी पी, थंडी वाजण्याआधी अंगावर घाल, आणि अहंकारापोटी पेडल मारू नकोस, ही त्याची शिकवण. तरीही टूर दे फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ उजाडलं. हलक्या गिअरची लाज वाटणारे तेव्हाही होते.

आता तुझा रोजचा हिशेब. १३० वॅटवर तू तासाला साडेचारशे मीटर चढशील. श्वास, पाणी, फोटो, चेनवर आलेली फांदी हे सगळं धरून साडेतीनशे. अठराशे मीटर म्हणजे नुसत्या चढाचे पाच तासांहून जास्त. वर उतार, सपाटी आणि जेवण. कागदावर दिवस पुरतो. घळईत मात्र कडे ऊन लवकर अडवतात, आणि झाडी दाट असेल तर रस्ता आणखी आधी काळोखतो. स्वच्छ हवेत दुपारनंतर वारा दरीतून वर, उगमाकडे वाहतो, म्हणजे नदीबरोबर खाली जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. नदीकडेने उतरायचं असेल तर ते अंतर सकाळी काप. मी तुझ्या जागी असतो तर नव्वदाचे साठ केले असते आणि सहा दिवसांत एक दिवस रिकामा ठेवला असता. नकाशावर कमी दिसेल. दिसू दे.

उताराबद्दल तू फक्त ‘मजा येईल’ लिहिलं आहेस. सहाशे मीटर खाली येताना ९७ किलोंची जी ऊर्जा सुटते, ती पावणेदोन लिटर साधं पाणी उकळीला आणेल एवढी असते. थोडी हवा घेते. ब्रेक सतत धरून हळूहळू घसरत आलीस तर बहुतेक सगळी, ब्रेक ज्याला धरतात त्या चाकाच्या रिममध्ये नाहीतर हबजवळच्या धातूच्या डिस्कमध्ये जाते. रिम तापली की ट्यूब फुटते किंवा टायर कडेवरून निघतो. डिस्क तापली की रेझिनचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात, आणि तेल जुनं असेल तर ते उकळून लिव्हर थेट हँडलला टेकते. म्हणून सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी, दोन्ही ब्रेक ठाम दाब, वेग हवा तेवढा उतरव आणि वळणात ब्रेक सोड. ओल्या पानांवर, शेवाळावर, पावसाने आतल्या कडेला आणून टाकलेल्या खडीवर पुढचा ब्रेक धरून वळलीस तर चाक निसटतंच. जळका वास आला, लिव्हर हाताला नरम लागली, की थांब आणि निवू दे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नकोस, ती वाकते. पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर निघण्याआधी बदल.

माथ्यावर जॅकेट घाल, खाली जाऊन नाही. हजार मीटरला साडेसहा अंशांचा फरक पडतो, तुझं अंग घामाने ओलं असतं आणि वारा ताशी चाळीसचा. गारठलेल्या बोटांना ब्रेकचा अंदाज राहत नाही. बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढ आणि पुढचा-मागचा दिवा लाव, कारण आत छतावरून पाणी टपकतं आणि पहिले काही सेकंद काहीच दिसत नाही.

सामानाबाबत एकच गोष्ट जवळून बघ. कॅरिअर मागच्या चाकाच्या आसापाशी ज्या पाच मिलिमीटरच्या बोल्टने फ्रेमला धरलेलं असतं, तो बोल्ट. सगळं ओझं दोन्ही बाजूंच्या त्या दोन बारीक तुकड्यांवर. खडबडीत उतारावर तो रोज केसभर सैल होतो, आणि एके दिवशी मुळाशी तुटून आटे फ्रेममध्येच राहतात. घट्ट करून त्याच्या डोक्यापासून फ्रेमपर्यंत नेलपेंटची एक बारीक रेघ ओढ. रोज सकाळी, सामान चढवण्याआधी, खाली वाकून बघायचं: रेघ सरळ आहे का? तुटलेली दिसली तर पाना काढ. दोन जादा बोल्ट खिशात असू देत.

स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकात, गिअरच्या बाजूला, हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळच्या, वाकणात. तो बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, काढावी लागते, म्हणून नेमक्या लांबीचे चार स्पोक आणि कॅसेट काढायचं हत्यार सोबत हवं. घरी एकदा हाताने बदलून बघ. डिरेलर फ्रेमला ज्यावर लटकतो तो हँगर तुझ्याच फ्रेमचा ने. दुसऱ्याचा बसत नाही. जड वस्तू खाली आणि थोड्या पुढच्या पिशव्यांत ठेव. सगळं मागे लादलंस तर उतारावर हँडल थरथरायला लागतं. तसं झालं तर गुडघे फ्रेमच्या वरच्या नळीला घट्ट लाव आणि हळूहळू वेग कमी कर.

मुक्कामाची जागा उजेड असताना निवड. नदीकाठचा सपाट वाळू-गोट्यांचा पट्टा बिछान्यासारखा दिसतो, पण तो पुराने अंथरलेला असतो. वरच्या खोऱ्यात ढग फुटला तर तुझ्या डोक्यावर चांदणं असतानाही पाणी येतं. रात्री थंड हवाही तळाशीच साचते. नदीपासून थोडं वर, पण कड्याच्या पायथ्याशी ताजे दगड पडलेले असतील तिथे अजिबात नाही. जीपीएसवर विसंबू नकोस. कड्यांवरून परावर्तित झालेले संदेश तुला पलीकडच्या काठावर दाखवतात. ऑफलाइन नकाशा घे, कागदी घे, आणि दोन्हींवर पूल व पाण्याच्या जागा आधीच खूण करून ठेव.

हे सगळं वाचून तुला वाटेल की काका भित्रे झाले. बरोबरीचे लोकही म्हणतात. मला वाटेल तिथे थांबायचं, पाण्याचा आवाज ऐकायचा, अरण्यात मान वर करून बघायचं असतं, आणि ते स्वातंत्र्य फक्त आधी करून ठेवलेल्या कामातून मिळालं आहे. धावत, धापा टाकत, काळोखाशी शर्यत लावून गेलेल्या घळया मला आठवतच नाहीत. त्यांचं दुःख वाटतं.

आता कार्बन-स्टील बाजूला ठेव. भरलेल्या पिशव्या वजनकाट्यावर टाक, मागच्या मोठ्या चक्राचे दात बोट लावून मोज, डिरेलरवर कोरलेला मॉडेल नंबर उतरवून घे, आणि प्रत्येक दिवसाच्या चढाचे आकडे वेगवेगळे लिहून पाठव. सहा दिवसांची सरासरी नको.

तुझा
काका