परागंदा, परांगदा आणि चक्कीतलं सपीट

सक्करदऱ्याच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आला आहे. गुन्ह्याच्या तपासात परागकण पुरावा म्हणून कसे वापरतात, यावर त्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी टिपण लिहीत आहेत. विचारतात, 'या शास्त्राला न्यायवैद्यक परागशास्त्र म्हणावं का? आणि बातम्यांत आरोपी परांगदा झाला असं ऐकतो, त्या शब्दाचा परागाशी काही संबंध आहे का?'

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं. न्यायवैद्यक म्हणू नका. वैद्यक म्हटलं की रोगी, औषध, शवविच्छेदन आलं. बुटाच्या तळाला लागलेला चिखल तपासायला वैद्य कशाला? 'न्यायसहायक' हा नेमका शब्द गुन्ह्यांचे पुरावे तपासणाऱ्या राज्याच्या प्रयोगशाळेच्या पाटीवर कधीचा आहे. तिची प्रादेशिक प्रयोगशाळा आपल्या नागपुरातच आहे. न्यायसहायक परागविज्ञान लिहा. पराग म्हणजे काय ते सांगत बसत नाही, फक्त पराग आणि मकरंद यांची गल्लत मुलांना करू देऊ नका. अमरकोशाने अर्ध्या ओळीत निकाल लावलेला आहे : 'मकरन्दः पुष्परसः परागः सुमनोरजः'. रस तो मकरंद, धूळ तो पराग.

आता दुसरा प्रश्न. ताई, 'परांगदा' असा शब्दच नाही! रोज संध्याकाळी टीव्हीवर तो ऐकतो आणि रोज चिडतो. शब्द आहे परागंदा. अनुस्वार 'ग'वर, 'रा'वर नाही. फारसीत 'परागंदा' म्हणजे विखुरलेला, पांगलेला. दुष्काळ पडला, स्वारी आली, सारा झेपला नाही की गावंच्या गावं उठून जात. जुन्या कागदांत 'रयत परागंदा झाली' असं येतं ते यासाठी. एक घर या गावाला, दुसरं त्या गावाला, शेत पडीक. एकटा चोर पळाला तर तो फरार. त्याला परागंदा म्हणणं मला खटकतं. कोशांत 'पळून गेलेला' असाही अर्थ दिलेला असतो, हे ठाऊक आहे. कोशकारांनी नोंदला म्हणून तो चांगला ठरत नाही; विखुरण्याचं जे चित्र त्या शब्दात आहे, ते त्या अर्थाने पुसून टाकलं.

इथल्याच एका व्याख्यानात एका ज्येष्ठ अभ्यासकांनी परागंदा हा परागापासून आल्याचं ठासून सांगितलं होतं : फुलातून उडालेला तो परागंदा. टाळ्याही मिळाल्या. व्युत्पत्ती साफ चूक. पराग संस्कृत आहे, 'परा' आणि 'गम्' मिळून, दूर जाणारा. परागंदा फारसीतून आयता आलेला, त्याचा धातू वेगळा. आवाज जुळला म्हणून नातं लावायचं, तर मग कणीक आणि कणसूर यांचंही लग्न लावा. मात्र दोन्हींतला तो 'परा' एकाच जुन्या घरातला आहे, असं माझं मत आहे. संस्कृत आणि इराणी भाषा मूळच्या बहिणी, आणि दूर, पलीकडे हा अर्थ दोन्हीकडे मुरलेला. म्हणजे आई म्हणून नाही, पण लांबची मावशी म्हणून परागाला परागंदाच्या अंगणात बसवायला माझी हरकत नाही.

आणि ज्यासाठी हे लिहायला बसलो ते पुढेच आहे. इंग्रजीत परागाला 'पॉलन' म्हणतात, तो लॅटिन शब्द. त्याचा मूळ अर्थ फुलाशी संबंधित नाहीच. पॉलन म्हणजे बारीक पीठ, आपलं सपीट! आणि या शास्त्राचं 'पॅलिनॉलॉजी' हे नाव हाइड आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी १९४४ साली घडवलं, ते ग्रीक 'पॅल्युनो' या क्रियापदावरून. त्याचा अर्थ भुरभुरणे, शिंपडणे. पोळपाटावर पोळी लाटताना आपण पीठ भुरभुरतो, तेच.

आमच्या गल्लीतल्या चक्कीवर जाऊन बघा. चक्कीवाल्याच्या भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, शर्टाच्या शिवणीत पीठ बसलेलं. रात्री आंघोळ करून बाहेर पडला तरी चपलेच्या पट्ट्याखाली ते असतंच. शेजारच्या कांडपावरून तिखट घेऊन आलेला माणूस दारात यायच्या आत घरातले शिंकतात. कोण कुठून आला ते अंगावरची भुकटी सांगते. परागकणांचा पुरावा म्हणजे एवढंच, फक्त पीठ फुलाचं आणि डोळ्याला न दिसणारं.

मुलांना जास्वंदाचं फूल दाखवा. मधल्या दांड्यावरची पिवळी भुकटी बोटावर घ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा : कदंबाच्या फुलासारखा गोल, काटेरी चेंडू. कपाशी त्याच कुळातली, तिचा कणही मोठा, काटेरी, चिकट. वाऱ्यावर तो फार दूर जात नाही. म्हणून कोणाच्या पायजम्याच्या घडीत कपाशीचे कण निघाले, तर तो फुलोऱ्यातल्या शेतात शिरला असण्याची शक्यता मोठी. गवताचे कण वाऱ्याने सगळीकडे उडतात, त्यावरून तेवढं सांगता येत नाही. कणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट की प्रयोगशाळेत आम्लात उकळलं तरी टिकतं.

ते किती टिकतं, त्याचं उदाहरण ऑस्ट्रियातलं आहे. १९५९ साली डॅन्यूब नदीच्या प्रवासात एक माणूस नाहीसा झाला. संशयित हाती होता, प्रेत नव्हतं. संशयिताच्या बुटाचा चिखल व्हिएन्ना विद्यापीठाच्या विल्हेल्म क्लाउस यांनी तपासला. स्प्रूस, विलो, आल्डर ही आजची झाडं, आणि सोबत हिकरी या झाडाचे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म कण. हे सगळं एकत्र सापडेल असा व्हिएन्नाच्या उत्तरेला नदीकाठचा एक लहानसा पट्टाच होता. ती जागा नेमकी सांगताच संशयित हादरला, कबूल झाला आणि प्रेत कुठे पुरलं ते त्याने दाखवलं.

दुसरं जर्मनीतल्या मॅग्डेबर्गचं. १९९४ मध्ये तिथे ३२ सांगाडे सापडले. मारेकरी १९४५ च्या वसंतातले गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, की १९५३ च्या जूनमधले सोव्हिएत गुप्त पोलीस, हा वाद होता. काही कवट्यांच्या नाकपोकळीत राय हे गव्हासारखं धान्य आणि लिंडेन हे झाड यांचे कण भरपूर निघाले. ही दोन्ही तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जून-जुलैत फुलणारी. शेवटच्या श्वासांबरोबर आत गेलेले कण जूनकडे बोट दाखवत होते.

तुमच्या टिपणात ही दोन्ही घ्या, ताई. आणि डॅन्यूबवर नाहीशा झालेल्या त्या माणसाला परागंदा लिहू नका, तो पळालाच नव्हता.