कतारची राजधानी दोहा बघायला गाडी भाड्याने घ्यावी लागते का?
नाही, तीन दिवस फक्त दोहाच बघायचं असेल तर गाडी घेऊ नका, मेट्रोने सगळं होतं. मी इथेच राहतो आणि रोज मेट्रोनेच कामावर जातो. एका फेरीचे २ रियाल, मेट्रोच्या कार्डावर दिवसभर कितीही फिरलात तरी ६. हमद विमानतळावरून रेड लाइन पकडा, मुशैरिबला उतरून गोल्ड लाइन घ्या. पुढचंच स्टेशन सूक वाकिफ, म्हणजे इथला जुना बाजार. तिथे संध्याकाळीच जा, मसाल्यांच्या उघड्या पोत्यांमधून चालताना वासानेच जीव सुखावतो. नॅशनल म्युझियमही याच लाइनवर. स्टेशनबाहेरून आसपासच्या भागात नेणाऱ्या मेट्रोलिंक बस फुकट आहेत. शुक्रवारी मेट्रो उशिरा सुरू होते, तेवढं लक्षात ठेवा. अल झुबारा किल्ला मात्र कतारच्या पार वायव्य टोकाला आहे, तिथे गाडीशिवाय जमत नाही.