गड्ड्याआधी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेआधी, कागद हातात हवेत

चि. सौ. … हिस,
अनेक आशीर्वाद.

लेक अजून तीन वर्षांची नाही आणि तुझी शाळांची यादी अकरा नावांवर गेलीय. ती यादी तूर्त बाजूला ठेव. आधी दोनच गोष्टी घरात बसून ठरवा: किती लांब पाठवायचं आणि कोणत्या माध्यमात. हे ठरलं की अकरातल्या तीन-चारच उरतात. पुढं सगळं काम कागदांचं आणि तारखांचं.

अंतर कागदावर मोजू नकोस. शाळा सुटायच्या वेळेला एकदा गाडी काढ आणि जुळे सोलापुरातून आसरा चौक ओलांडून शाळेपर्यंत जाऊन ये. नंतर तोच रस्ता एप्रिलमधल्या दुपारी बारा वाजता डोळ्यांसमोर आण. रिक्षात किती पोरं कोंबतात, उन्हाळ्यात शाळा सकाळची करतात का, हे फाटकाशी उभ्या पालकांना विचार. ऑफिसात याचं सरळ उत्तर क्वचित मिळतं.

वयाचं गणित नीट घाल. राज्याच्या नियमानं ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात. केंद्रीय विद्यालय मात्र पहिलीसाठी ३१ मार्चला सहा पूर्ण मागतं. त्यामुळं ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल एकीकडं या जूनला बसतं, तर दुसरीकडं पुढच्या वर्षी. नोव्हेंबर-डिसेंबरचं मूल नियमात बसतं म्हणून घाईनं ढकलायचं नसतं. जूनमध्ये ते जेमतेम साडेपाचचं असतं आणि वर्गात सगळ्यात लहान राहतं.

इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळांत खरा प्रवेश नर्सरीलाच होतो, पहिलीत खालचीच मुलं वर येतात. म्हणून चौकशीत एकच प्रश्न घट्ट धर: ‘पहिलीत बाहेरच्यांसाठी जागा किती?’ ‘बघू, त्या वेळी सांगू’ असं उत्तर आलं तर जागा नाहीत असंच समज.

आता कागद, कारण घोळ इथंच होतो. बाळंतपण माहेरी झालं असेल तर जन्मदाखला तिथलाच असतो. कर्नाटकातल्या इंडी, आळंद, विजयपूरकडचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत असतो, आणि त्यातली चूक सोलापूर महापालिकेत दुरुस्त होत नाही, जिथं नोंद झाली तिथंच जावं लागतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बघ. म्याकलचं कुणी ‘मॅकल’ करतं, कुणी ‘माकल’. जन्मदाखला, आधार आणि वडिलांची कागदपत्रं यांत एकच रूप हवं. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढं जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो, तेव्हा दुरुस्ती आत्ताच उरकून घे.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या, २५ टक्के जागांत बसत असाल तर ती वाट सोडू नका. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख आहे. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) यांना उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला महाराष्ट्राचाच लागतो, परराज्यातला चालत नाही. सीमेवरच्या घरांत इथंच अडतं. २०२५-२६ चे अर्ज १४ जानेवारीला, ऐन गड्ड्याच्या दिवसांत, सुरू झाले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद झाले. तारीख दरवर्षी हलते, पण दिवाळी झाली की कागदांना लागायचं. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढायला वेळ जातो, आणि तो कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचून घे.

भाड्यानं राहत असाल तर दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला, किमान अकरा महिन्यांचा आणि अर्जाच्या तारखेआधीचा करार हवा. नोटरीचा कागद चालत नाही. घाईत सर्वांत जास्त फसतात ते इथं.

अर्जात नकाशावर घराची खूण करायची असते. ती स्वतः, मोठं करून बघून, आपल्या गल्लीत टाक. सायबर कॅफेवाला चौकात टाकून मोकळा होतो, पडताळणी समितीपुढं पत्ता जुळत नाही आणि लागलेली जागा जाते. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य असल्यानं खुणेवर बरंच काही अवलंबून आहे. दहा शाळा निवडता येतात, म्हणून दहा भरायलाच हव्यात असं नाही. जिथं पाठवणारच नाही ती शाळा टाकू नकोस. लागलेली नाकारलीस तर पुढच्या फेरीत नाव येत नाही. एका मुलाचे दोन अर्ज भरले तर दोन्ही बाद. एसएमएसवर विसंबू नकोस, अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः बघ. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा कोटा लागू नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तसं ठरवलंय, त्यामुळं काही नावं त्या यादीत सापडणारच नाहीत.

बाकी शाळांत लेकीची ‘मुलाखत’ घेतली तर घाबरू नकोस आणि तिला पोपटपंचीही शिकवू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५ हजारांपर्यंत दंड आहे. देणगी मागितली तर पावती माग. पावतीचं नाव काढलं की निम्म्या मागण्या गळून पडतात.

पैसे भरण्याआधी शाळेचा अकरा अंकी यूडायस (सरकारी नोंदीतला) क्रमांक घेऊन मान्यता तपास. अनधिकृत शाळांची यादी शिक्षण विभाग जाहीर करतो, तीही बघ. फी विचारताना सत्र फी, पुस्तकं, गणवेश, रिक्षा असं सगळं धरून वर्षाचा आकडा लिहून घे. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते.

प्रवेश झाल्यावर घरी पळू नकोस. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली (विद्यार्थ्यांच्या कायमच्या नोंदवहीतली) लेकीची नोंद समोर उघडून वाच: पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात आणि पोटजात. उद्या जात पडताळणीला हीच ओळ काढतात आणि नंतर ती बदलायला फार खेटे पडतात. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी अर्ज दे आणि पोच घे.

कळावे.