गाणी अठरा, नाव एकही नाही

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला तेव्हा ती रडत होती की संतापली होती, मला नीट कळलं नाही. "लग्नाचं बघायचं सोडून कार्टी स्वतःच्या मयताची यादी करून बसलीय," हेच पालुपद. मग तुझा मेसेज आला, खाली ती यादी. मैत्रीण अपघातात गेली, तिच्या घरात नंतर चाललेली ओढाताण तू डोळ्यांनी पाहिलीस, आणि एका रात्री बसून स्वतःचं सगळं लिहून काढलंस. आता विचारतेस, हे खोडून टाकू का, माझ्या डोक्यात काही बिघाड झालाय का.

खोडू नकोस. बिघाड वगैरे काही नाही. यापुढे समजूत काढणार नाही, कारण त्यासाठी तू मला लिहिलेलं नाहीस. गल्लीत कुणी गेलं की तिरडी बांधायला मला हाक मारतात हे तुला लहानपणापासून माहीत आहे. त्या हक्काने विचारलंस, त्याच हक्काने सांगतो. तुझी यादी कच्ची आहे.

काय आहे त्यात? साधं दहन. बारावं-तेरावं नको. चौकात फ्लेक्स नको. डोळे द्यायचे. आणि गाणी, अठरा! अगं, घरातून निघून पंचगंगेवर पोचेपर्यंत अठरा गाणी संपवायची तर आम्हाला तुला घेऊन रंकाळ्याला दोन फेऱ्या माराव्या लागतील. शिवाय यादी तुझ्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल उघडतो तुझ्या अंगठ्याने. विचार कर जरा.

पण खरी गोम वेगळीच आहे. एवढ्या मजकुरात एक नाव नाही. "घरच्यांनी करावे" असं लिहिलंयस. घरचे म्हणजे कोण? आईला त्या दिवशी पाण्याचा घोट गिळवणार नाही. भाऊ कागदपत्रांसाठी पळत असेल. मयताच्या घरात निर्णय कोण घेतं सांगू? सगळ्यात मोठ्या आवाजाचा पाहुणा. बऱ्याचदा तो वर्षानुवर्षं त्या घरात आलेलाही नसतो. दारात चपला काढता काढता "आमच्यात असं नसतं" म्हणतो, की तुझी यादी तिथेच खलास. त्याच्यासमोर उभं राहून "ती असं सांगून गेलीय आणि तिने मला नेमलंय" असं म्हणणारा एक माणूस लागतो. एकच. त्याचं नाव लिही. बाकीचं चुकलं तरी चालेल.

आमच्या थोरल्या बंधूंचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. ते गेले, रीतीप्रमाणे दहन झालं, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं, दहाव्याला घाटावर पिंड ठेवले. कावळा काही शिवेना. मग सुरू झालं. एक चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, "धाकटीचं लग्न आम्ही लावून देतो." कावळा नाही. दुसरा म्हणाला, "शेताची वाटणी करणार नाही." नाही. मेहुण्याने तर तंबाखूची पुडी पिंडाजवळ ठेवली. शेजारच्या कुणा अनोळखी माणसाच्या पिंडावर चार कावळे तुटून पडलेले, आणि आमच्याकडे शिजलेला भात उन्हात वाळत चाललेला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि घरी आलो. पुढे विम्याची पॉलिसी शोधताना ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली, त्यांचा देहदानाचा फॉर्म सापडला. भरलेला, सही केलेला. कुणालाही न सांगितलेला.

कावळ्यावर माझा विश्वास नाही, हे तुला सांगायला नको. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. हयात माणसाला समोर बसवून "तुमच्या मनात काय आहे" हे विचारायची लाज वाटते, आणि तेच आपण नदीकाठी उभं राहून पाखराला विचारतो! आणि बंधूंचाही राग आहे, गेलेल्या माणसाचा धरू नये तरी. फॉर्म भरला तर एकाच्या तरी कानात सांगायचं. देहदानाचा फॉर्म नुसता ट्रंकेत असून भागत नाही; मागे राहिलेल्यांनी देह नेऊन दिला तरच ते दान होतं. मेडिकल कॉलेज काही चौकशी करत दारात येत नाही.

मृत्युपत्रात लिहीन म्हणतेस, तर तेही डोक्यातून काढ. मृत्युपत्र लोक उघडतात कधी? दिवस झाल्यावर. तोवर तुझी रक्षासुद्धा उरलेली नसते. मृत्युपत्र घरादारासाठी आणि पैशासाठी. हा कागद वेगळा, एक पानी, तुझ्या हस्ताक्षरात, खाली तारीख. आणि पहिल्या ओळीत नाव.

डोळ्यांचं म्हणशील, तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं यावी लागतात. तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. आता तू सांग, रडारड चाललेल्या खोलीत उठून पंखा कोण बंद करणार? तिथे उन्हाळ्यात पंखा बंद केला तर बायका अंगावर येतात. मी स्वतः ऐकून घेतलंय. आणि तुझ्या मैत्रिणीसारखं अपघाताचं असेल तर पोलीस आले, पोस्टमॉर्टेम आलं. पोस्टमॉर्टेम झालेला देह कॉलेज देहदानात घेत नाही. डोळे मात्र परवानगीने देता येतात. मेंदू मृत झाल्यावर बाकीचे अवयव द्यायचे झाले, तर दवाखान्यात नातेवाइकांची संमती लागते. प्रत्येक वळणावर कुणाचा तरी होकार हवा, आणि तो तासाभरात हवा.

हे माझं खूळ आहे असं तुझे बाबा म्हणतात. म्हणू देत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली जगण्याचं इच्छापत्र मान्य केलं, कृत्रिम उपायांनी शरीर ताटकळत ठेवू नका असं आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली, आणि 2023 साली त्याची कटकट कमी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण त्यातही निर्णय कुणी घ्यायचा त्या माणसाचं नाव लिहावंच लागतं. कोर्टालासुद्धा नुसतं "घरचे" चालत नाही.

आणि आपल्या गावचंच बघ. आपली समाधी नर्सरी बागेत व्हावी अशी शाहू महाराजांची इच्छा होती. महाराज 1922 साली गेले. नर्सरी बागेतलं समाधिस्थळ झालं 2020 साली. राजाच्या शब्दाची ही गत, तिथे तुझी मोबाइलमधली टीप!

उलट करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी केलं ते बघ. आपल्या मागे पत्नीच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, असं जिवंतपणी स्टँपपेपरवर लिहून दिलं आणि ते जगजाहीर केलं. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो त्याच प्रयत्नातला. स्वतःच्या मयताचा विचार करणं अभद्र म्हणणाऱ्यांना हे दाखव. आईला दाखव. तिच्यासाठी बाबांनीही असं लिहायला हवं, हे माझ्याकडून सांग.

खर्चाचं थोडक्यात. तू दहनासाठी पैसे बाजूला काढलेस ते कौतुकाचं आहे, पण कोल्हापुरात महापालिका दहनाचे पैसे घेत नाही. होळीला "होळी लहान करा, शेणी दान करा" म्हणत पोरं ट्रॉल्या भरून शेणी, म्हणजे गोवऱ्या, नेतात, त्या याच कामाला येतात. मुंबईतही पालिका 300 किलो लाकूड विनामूल्य देते. माणूस जाळायला पैसे लागत नाहीत. लागतात ते नंतर. बाराव्याचं जेवण, टोपी-टॉवेल, लुगडी, मांडव, पेपरातली जाहिरात, आणि चौकातला तो फ्लेक्स, ज्यावर गेलेल्याचा फोटो लहान आणि शोकाकुल मित्रमंडळाचे मोठे. अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून आधी द्यावा असं 1925 चा वारसा कायदा सांगतो, पण मांडववाल्याला कलम दाखवून भागत नाही आणि एकट्याच्या नावावरचं खातं बँक त्या दिवशी उघडून देत नाही. तेव्हा थोडी रक्कम त्या माणसासोबतच्या संयुक्त खात्यात ठेव, दोघांपैकी कुणालाही काढता येईल असं. बघ, इथेही पुन्हा नावच आलं. आणि "बारावं नको" एवढंच लिहू नकोस. नुसत्या "नको"ला कुणी जुमानत नाही. "तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, त्याच दिवशी सगळं संपलं" असं लिही. आपल्याकडे हल्ली पुष्कळ घरांत तसं होतं, त्यामुळे पाहुण्यांना तोंड उघडायला जागा राहत नाही.

रक्षा नदीत की झाडाखाली, हे तुझं तू ठरव. मी झाडाखाली म्हणेन.

गाण्यांपैकी एक ठेव. ब्लूटूथ स्पीकर तिथे केविलवाणा वाटतो गं. शववाहिकेचा स्वतःचा कर्णा असतो आणि त्यावर त्यांची धून चालू असते. ड्रायव्हरला ती बंद करायला सांगणं हेसुद्धा कुणाच्या तरी नावावर टाकलेलं काम आहे. गल्लीतलं भजनी मंडळ चहावर येतं, टाळ-मृदंगासकट. पण ते त्यांच्या क्रमाने म्हणणार. तुकोबांचा निरोपाचा अभंग म्हणतील, तुझं सिनेमातलं नाही म्हणणार. ते हवं असेल तर गाणारी मैत्रीण आत्ताच पक्की कर.

माझ्या स्वतःच्या कागदात गाण्याऐवजी हलगी आहे. कुस्तीच्या मैदानात वाजते तीच, तिरडीच्या पुढे, घाटापर्यंत. तालमीजवळच्या हलगीवाल्याला सुपारी द्यायला गेलो तर त्याने वही उघडली आणि तारीख विचारली. मी सांगितलं तेव्हा त्याने वही मिटली, हसला नाही, आणि सुपारीचे पैसेही घेतले नाहीत. "निरोप आला की निघतो," म्हणाला. निरोप कोण देणार हे त्याला माहीत आहे, कारण ती माझ्यासोबत होती.

ती म्हणजे थोरल्या बंधूंची मुलगी. माझ्या कागदावर तिचं नाव आहे, माझ्या मुलाचं नाही. अग्नीही तीच देणार. यावरून घरात काय झालं ते तुझ्या आईने तुला तिखटमीठ लावून सांगितलं असेलच. मुलगा दिवाळीला आला नाही. सून म्हणते, मी चारचौघांत त्याची मान खाली घातली. मी म्हणतो, पोरगा गुणी आहे, पण त्याच्या आत्याने एकदा डोळ्याला पदर लावला की तो बाराव्याच्या पंक्ती उठवेल, फ्लेक्स लावेल, आणि हलगीवाल्याला पैसे देऊन परत पाठवेल. प्रेमापोटीच करेल. पण मला प्रेम करणारा माणूस नकोय त्या दिवशी, ऐकणारा हवाय. वडिलांचा फॉर्म ट्रंकेतून निघाला तेव्हा त्या पोरीचा चेहरा मी पाहिलाय. ती कुणाच्या पदराला भुलणार नाही. मुलाचं मन दुखावलं, हे मला कळतं. त्याला लांबलचक पत्र लिहिलं, उत्तर नाही. तरी नाव बदलणार नाही. तूही बदलू नकोस, कुणी कितीही रुसलं तरी.

आणि म्हणून आईचं नाव घालू नकोस. तुझा कल तिकडे आहे हे मला दिसतंय, तिला बरं वाटावं म्हणून. नको. तिला रडायला मोकळी ठेव. भाऊ, मैत्रीण, ऑफिसातलं कुणी, ज्याला "नाही" म्हणता येतं असा कुणीही. त्या माणसाला घरी बोलाव, चहा दे, कागद हातात दे, मोठ्याने वाचायला लाव. तो म्हणेल, "काय अभद्र बोलतेस!" म्हणू दे. पूर्ण वाचेपर्यंत उठू देऊ नकोस. एक प्रत त्याच्याकडे, एक आईच्या कपाटात, देवाच्या फोटोमागे नव्हे, तिथे कुणी हात घालत नाही.

आईला माझ्याकडे पाठव, मी बोलतो. सोमवारी मात्र नको, सोमवारी मंडळाचं भजन असतं.

तुझा,
काका