मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

"काकू, आमच्याकडे रात्री साडेनऊला लाइनमन फेरी मारतो. माणूस खोलीतून उठला नाही तोच दिवा बंद. चार्जर ओढून काढतो, टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद करतो, परवा तर वायफायच बंद केलं आणि मुलीचा गृहपाठ अर्धा राहिला. बाबांचं लाइनमन हे नाव मुलांनीच ठेवलंय. गेल्या आठवड्यात मी अंधारात जिन्यावरून घसरले, घोटा सुजला. एवढं करून विजेचं बिल उतरत नाही, उलट हिवाळ्यात दुप्पट झालं. आता नवरा म्हणतो, आपणच उधळे आहोत. काय करू?"

पत्राखाली सही आहे 'अंधारातली'.

अगं बाई, आधी घोट्याला शेक दे. पत्र चार पानी आहे आणि तक्रारीही चार आहेत. त्यातली ही पहिली माझ्या फार जिव्हाळ्याची, त्यामुळे मी हिच्यावरच ठाण मांडून बसणार आहे. बाकीच्या तिघींना शेवटी जागा उरली तर बघू.

तुझ्या लाइनमनला मी आतून बाहेरून ओळखते, कारण तसलाच एक माझ्याही घरात तीस वर्षं नांदतोय. आमचे हे इकडे परदेशात आले ते दोन बॅगा आणि वडिलांची एक सवय घेऊन. माझे सासरे उंबरठा ओलांडताना मागे न बघता हात मागे करून दिवा मालवायचे. त्यांचं चूक नव्हतं. तेव्हा खोलीत साठ वॉटचा पिवळा बल्ब असायचा. घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू किती, तर दिवे, पंखे, रेडिओ. गरम पाणी माणशी एक बादली, आणि तीही तापवायला कष्ट पडत, म्हणून कुणी सांडत नसे. त्या घरात दिवा मालवणं म्हणजे खरोखर पैसे वाचवणं होतं.

आपण ती सवय जशीच्या तशी उचलून आणली आणि मधल्या काळात दिवा बदलला. साठ वॉटचा उजेड आता नऊ वॉटच्या एलईडीत मिळतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, तिच्यासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या रात्रीच्या फेरीचं बहुतेक काम त्या तिघांनी आधीच उरकून ठेवलंय. त्याला कुणीतरी हे सांगायला हवं.

मग बिल कुठून येतं? तापवण्यातून. पाणी तापवणं, खोली तापवणं, कपडे वाळवणं. उजेड डोळ्याला दिसतो म्हणून त्याच्याशी भांडण. ऊब भिंतीआड तयार होते, नळातून येते, गटारात जाते, कुणाला दिसत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातली गत.

तुझं सगळं घर विजेवर चालतं असं तू लिहिलं आहेस, म्हणून हिशेब सोपा आहे. वही काढ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. भागाकार केलास की निघतं ते असं: एका युनिटात साधारण ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं. हा ८६० चा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेव. मी ठेवलाय.

आता तुझ्या पत्रातलं दुसऱ्या पानावरचं एक वाक्य, जे तू सहज लिहून गेलीस: "मुलगा शॉवरखाली गेला की बाराएक मिनिटं बाहेर येत नाही, पण वयच तसं आहे." वय तसं आहे हे खरं. पण शॉवरखाली दहा लिटरची बादली ठेव आणि घड्याळ लाव. एका मिनिटात भरली, तर बारा मिनिटांत १२० लिटर. नळात येणारं पाणी हिवाळ्यात १२ अंशाचं धर, अंगावर घ्यायचं ४० चं. म्हणजे २८ अंश वर चढवायचं. १२० गुणिले २८ भागिले ८६०: जवळपास चार युनिटं. तेवढ्या विजेत नऊ वॉटचा दिवा रात्रंदिवस अठरा दिवस जळतो. तुझा नवरा महिनाभर ज्या दिव्यामागे धावतो, तो दिवा तुझा मुलगा एका आंघोळीत गटारात सोडतो.

मी हे नुसतं कागदावर म्हणत नाही. आमचा धाकटा सोळा वर्षांचा असताना मी यांना टॉर्च देऊन जिन्याखालच्या कपाटात, मीटरसमोर उभं केलं होतं. पाणी तापवायचं यंत्र आणि फ्रिज सोडून बाकी सगळं बंद. वर पाण्याचा आवाज, खाली आमचे हे आकडे मोठ्याने वाचताहेत. आधी गंमत म्हणून, मग आवाज बसत चालला. टाकीचं पाणी पुन्हा तापून यंत्र थांबेपर्यंत ते तिथेच उभे होते. बाहेर आले ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिनिटाला सहा लिटर सोडणारी जाळी घेऊन आले आणि स्वतः पान्याने बसवली. त्यानंतर दिव्यावरून घरात भांडण झालं नाही. जाळीवरून झालं, पण ते आठवडाभरच.

इथे एक सावधगिरी, कारण माझ्या घरात हा मूर्खपणा होऊन गेलाय. उत्साहाच्या भरात यांनी पाण्याच्या टाकीचं तापमान ४५ वर आणून ठेवलं. दुसऱ्याच कामासाठी आलेल्या प्लंबरने ते पाहिलं आणि आम्हा दोघांना शाळेतल्यासारखं झापलं. कोमट साठ्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतात. साठवलेलं पाणी ६० अंशांना ठेवायचं, अंगावर घेताना थंड मिसळायचं. बचत करायची ती लिटरांत, टाकीच्या अंशांत नाही.

आता कपडे. तू लिहितेस, "मी सगळं ६० वरच धुते, स्वच्छता नको का?" स्वच्छता हवी, पण ऑफिसचे शर्ट काही चिखलात लोळून येत नाहीत. मशीन आत घेतलेलं थंड पाणी तापवण्यातच जास्तीत जास्त वीज खातं. १२ अंशांचं पाणी ६० वर न्यायचं म्हणजे ४८ अंश, ३० वर न्यायचं तर १८ च. आजचे साबण थंड पाण्यात काम करतील असेच बनवलेले असतात. टॉवेल, चादरी, आजाऱ्याचे कपडे ६० वर, बाकी ३० वर.

आणि तो ड्रायर! एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास ०.७ युनिट लागतं, मग यंत्र कितीही महागाचं असो. पाच किलो कपड्यांत तीन लिटर पाणी राहिलं तर दोन युनिटं नुसती त्या वाफेला. हीटपंपवाले ड्रायर वाफेतली ऊब परत वापरतात म्हणून त्यांना बरंच कमी लागतं, पण तुझा जुना आहे, म्हणजे ऊब सरळ बाहेर. तेव्हा आधी मशीनमध्येच जोराचं पिळणं लाव, मिनिटाला १४०० फेऱ्यांचं. पाणी फिरवून काढणं हे पाणी उकळून काढण्यापेक्षा फार स्वस्त. उरलेलं दोरीवर. मात्र खोलीत वाळत घालणार असलीस तर खिडकी फटीएवढी उघडी ठेव. मी एका हिवाळ्यात सगळं घट्ट बंद करून वाळत घातलं, आणि मार्चमध्ये कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी बुरशीने भरलेली. दोन रविवार घासत होते. वाचवलेलं सगळं रंगाच्या डब्यात गेलं.

खोलीच्या उबेबद्दल मात्र मला नवऱ्याऐवजी तुलाच रागवायचंय. "थंडी वाजली की मी थर्मोस्टॅट २६ वर करते, म्हणजे लवकर गरम होतं." नाही गं होत! घरातल्या साध्या हीटरचा थर्मोस्टॅट म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर नव्हे. तो फक्त थांबायचं कुठे ते सांगतो. २० वर लाव की २६ वर, हीटर त्याच वेगाने तापवणार. फरक एवढाच की तू विसरतेस, घर २६ पर्यंत जातं आणि मग तूच खिडकी उघडतेस. बाहेर ४ अंश, आत २० अंश, म्हणजे १६ अंशांचा फरक, आणि त्या फरकाच्या प्रमाणात घर सतत ऊब गमावत असतं. एक अंश खाली आण, गळती सोळाव्या हिश्शाने कमी, म्हणजे सुमारे सहा टक्के, रोज, पूर्ण हिवाळाभर. एक स्वेटर घातलास तर जमतं. आणि हीटरसमोरचा तो सोफा हलव. सध्या तुम्ही सोफ्याची पाठ शेकताय.

(वाळवंटी देशात राहणाऱ्या वाचकांनी हे सगळं उलटं वाचावं. तिथे एक अंश वर. सोफ्याचं मात्र तसंच.)

"निम्म्या विजेत खोली गरम" असं लिहिलेला छोटा हीटर नवऱ्याने मागवलाय म्हणतेस. त्याला सांग की तारेवर चालणारा कुठलाही हीटर एका युनिटाची एक युनिटच ऊब देतो, ना जास्त ना कमी. दोन हजार वॉटचा असेल तर तासाला दोन युनिटं. हीटपंप बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढतो, म्हणून तो एका युनिटाला तीनेक युनिटांची ऊब देऊ शकतो. तेवढा एकच अपवाद. बाकी खोक्यावर काय छापलंय ते वाचू नये.

लाइनमनवर अन्याय नको म्हणून हेही लिहिते: एक वॉट वर्षभर अखंड चालला की पावणेनऊ युनिटं होतात. नुसता खोचून ठेवलेला आजकालचा मोबाइल चार्जर पाव वॉटही खात नाही, म्हणजे वर्षाला दोन युनिटं. अर्ध्या आंघोळीइतकी! त्यासाठी रोज वाकून कंबर मोडायची? पण टीव्हीखालचा जुना डबा दहा वॉट खात असेल तर वर्षाला सत्त्याऐंशी युनिटं. तिथे त्याचं बरोबर आहे. वायफायलाही थोडी वीज लागते, पण गृहपाठ झाल्यावर बंद कर म्हणावं.

बाकीच्या तिघींचं थोडक्यात. मोठी पाकिटं स्वस्त पडतात म्हणून आणता आणि अर्धं टाकता: मग ते स्वस्त पडलं कुठे? पाकिटाच्या किमतीला आणलेल्या वजनाने भागू नकोस, संपवलेल्या वजनाने भाग. फ्रिज चार अंशांवर आहे का तेही बघ. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढ, सहज निघाला तर रबर गेलं.

दीर दर दोन महिन्यांनी पैसे मागतात आणि नवरा तुला न विचारता पाठवतो, हे बिलाचं प्रकरण नाही. वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी मिळून एक आकडा ठरवा, तो वेगळ्या खात्यात टाका, आणि तेवढ्यापुरता त्याला कुठलाही प्रश्न विचारू नकोस.

आणि मैत्रिणींच्या भेटवस्तूंचं काय करू असं विचारलंस, तर मला खरंच सुचत नाही. मी स्वतः दरवेळी जास्त खर्च करते.

राहिलं ते हे की लाइनमनला सांगायचं कसं. भांडून सांगू नकोस. माझं ऐकशील तर त्याला बढती दे. या शनिवारी त्याच्या हातात दहा लिटरची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ दे, न्हाणीघरात पाठव. मग मीटरसमोर उभा कर आणि मुलाला आंघोळीला जायला सांग. दोन्ही आकडे त्यालाच लिहू देत, तू मध्ये बोलू नकोस. ज्या माणसाला रात्री साडेनऊला फेरी मारण्याची हौस आहे, त्याला मोजायचीही हौस असणार. आमच्या ह्यांची वही अजून चालू आहे, आता तर नातवाच्या आंघोळीचीही नोंद असते.

जिन्यातला दिवा मात्र आजपासून रात्रभर चालू. नऊ वॉट, दहा तास, वर्षाचे तेहेतीस युनिट. त्याने कुरकुर केलीच तर सुजलेला घोटा दाखव.